निराश्रित मुलांच्या मनाची निगा : बंदराच्या दोन्ही तीरांचा इतिहास



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा केली जाते. आजचा माझा विषय त्या मानाने फार लहान माणसांचा आहे. ज्या मुलांना घर नाही, जी फलाटावर, रात्रनिवाऱ्यात किंवा सरकारी बालगृहात वाढतात, त्यांच्या मनाची काळजी आपल्या समाजाने केव्हा आणि कोणाच्या हातून घेतली, आणि ती घेताना कोणता धागा वारंवार निसटत गेला, एवढेच मला सांगावयाचे आहे.

न्हावा शेव्याच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडावयास विशेष कारण आहे. घर जाणे म्हणजे काय, हे या किनाऱ्याला बाहेरच्या कोणी शिकवावयास नको. २६ मे १९८९ रोजी येथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याआधीच शेवा कोळीवाडा उठला होता आणि तेथील कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात, संक्रमण शिबिर म्हणून दिलेल्या जागेत, जाऊन राहिली होती. तात्पुरत्या म्हणून मिळालेल्या त्या घरांना वाळवी लागली, आणि वाळवीच्या तक्रारी करता करता तेथे एक पिढी जन्मून मोठी झाली. ती मुले निदान आईबापांजवळ होती. बंदरामागून ट्रक आले, कंटेनरची आवारे आली, गोदामे आली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामाला माणसे आली. अशा गर्दीत एकटी पडलेली मुलेही असतातच. जगातल्या कोणत्याही मोठ्या बंदराला ती चुकलेली नाहीत. मुंबई बंदराला तर दीडशे वर्षांहून अधिक काळ त्यांची ओळख आहे; म्हणून या बाबतीतला इतिहास पाहावयाचा तो प्रथम खाडीपलीकडचाच.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे अनाथ मुलांसाठी जी कामे उभी राहिली, त्यांचा पहिला हेतू जीव वाचविण्याचा होता. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तशीच संस्था निघाली व ती प्रार्थना समाजाने चालविली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावास त्यांना आसरा दिला. पोटात अन्न नाही तेथे मनाची गोष्ट कोण काढणार! तरीही एक नोंद करून ठेवण्यासारखी आहे. फुले दांपत्याने आपल्या गृहात जन्मलेल्या एका मुलाला दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना घेऊन जात त्या त्याच्याच दवाखान्यात. एका मुलासाठी दोन माणसे जन्माची बांधली गेली. मानसशास्त्राने पाऊणशे वर्षांनंतर जे मोठ्या अहवालांतून सांगितले, त्याचा मथितार्थ याहून फारसा निराळा नाही.

सरकारची वाट मात्र वेगळी होती. १८५० च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला अनाथ आणि गुन्हेगार मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागले. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली. १८७६ आणि १८९७ या साली सुधारशाळांचे कायदे झाले. या सर्वांमागे विचार एकच, की हाताला काम लागले म्हणजे मूल सुधारते. विचार अगदीच चुकीचा नव्हे. पण रात्री दचकून उठणाऱ्या, उशीखाली भाकरीचा तुकडा लपवून ठेवणाऱ्या, किंवा महिनाभर कोणाशीच न बोलणाऱ्या मुलाचे काय करावे, याला त्यात उत्तर नव्हते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली निघाले. ते वेडे ठरलेल्या माणसांसाठी होते. अशा मुलाला एकीकडे सुतारकाम आणि दुसरीकडे वेड्यांचे इस्पितळ, मध्ये काही नाही, अशी ती अवस्था होती.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना तुरुंगापासून दूर ठेवावे आणि त्यांची न्यायालये वेगळी असावीत असे बजावले. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांचा कायदा केला. मुंबईच्या कायद्याला खरे हातपाय फुटले ते १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाल्यावर. तिचे डोंगरीचे, म्हणजे उमरखाडीचे, निरीक्षणगृह ज्या आवारात आहे ते पूर्वीचे तुरुंगाचे आवार. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी याच डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, हे आपणांस ठाऊक आहे. सुशिक्षित, निश्चयी, सव्वीस वर्षांच्या तरुणांना ज्या भिंती जाचल्या, त्याच भिंतींत पुढे आठ-दहा वर्षांची मुले ठेवली गेली, आणि तीही बहुधा हरवल्याच्या किंवा भीक मागितल्याच्या कारणाने. जागा मिळाली ती घेतली, यात संस्थेचा दोष मी मानीत नाही. पण वास्तूचा स्वभाव नावाने बदलत नाही. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी कित्येक आयांच्या तोंडी बसली ती उगाच नव्हे.

तथापि या कायद्यात एक मोलाची गोष्ट होती, तिच्याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. या माणसाने मुलाच्या वस्तीत जावे, आईबाप असतील तर त्यांना भेटावे, मास्तरांना, शेजाऱ्यांना, मूल ज्याच्याकडे काम करी त्या चहावाल्याला विचारावे, आणि सारी हकीकत न्यायालयापुढे लिहून ठेवावी. शब्द जरा रुक्ष आहे, पद तर अगदीच लहान; परंतु मुलाची गोष्ट एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेणारा अधिकृत माणूस आपल्या व्यवस्थेत प्रथम आला तो या रूपाने. घर असलेल्या मुलाची गोष्ट त्याच्या आईच्या तोंडी असते. डॉक्टरकडे गेले की ती सांगते, शाळेत गेले की ती सांगते. तीन वर्षांचा असताना पडला होता, तेव्हापासून अंधाराला भितो. बेघर मुलाच्या बाबतीत हे सांगणार कोण? त्याने स्वतः पोलिसाला एकदा सांगितले, अधीक्षकाला एकदा, डॉक्टरला एकदा, आणि दर वेळी ऐकणारा नवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत ते मूल एक तर गोष्ट बदलते किंवा गप्प बसते. त्या गप्प बसण्याला मग आपण हट्ट म्हणतो.

परदेशांत याच सुमारास जे घडत होते त्याचा येथे संबंध येतो. अमेरिकेत शिकागो शहरी १८९९ साली मुलांचे वेगळे न्यायालय निघाले, आणि त्या न्यायालयापुढे पुनःपुन्हा येणाऱ्या मुलांचे कोडे सुटेना म्हणून १९०९ साली विल्यम हीली या डॉक्टरने तेथे मुलांच्या मनाची तपासणी करणारे केंद्र सुरू केले. त्यातून निघालेल्या पद्धतीत मनोविकारांचा डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक असे तिघे एका मुलाचा विचार एकत्र बसून करतात. ही चिकित्सा जन्मली ती न्यायालयाच्या शेजारी, इस्पितळात नव्हे, ही बाब मला अर्थपूर्ण वाटते.

ही पद्धत हिंदुस्थानात आली ती मुंबईत. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात वस्ती करून गोरगरिबांत काम करीत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून १९३६ साली, नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये, अवघ्या वीस विद्यार्थ्यांनिशी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजसेवेची शाळा सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, या शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय काढले. ते देशातले पहिले. आणि मनोविकार चिकित्सेतला पहिला पगारी समाजसेवकही त्यानेच नेमला. १९३८ साली डॉ. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. चोरी करणारे, पळून जाणारे, अंथरूण ओले करणारे किंवा तोतरे बोलणारे मूल ‘वाईट’ नसून त्याला काहीतरी होते आहे, ही समजूत मराठी मुलखात रुजविण्याचे श्रेय या मंडळींना दिले पाहिजे.

मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. नागपाडा, जे. जे. रुग्णालय आणि डोंगरीचे निरीक्षणगृह ही तिन्ही ठिकाणे पायी अर्ध्या तासाच्या टप्प्यात आहेत. शिकविणारी शाळा, औषध देणारे रुग्णालय आणि मुलांना ठेवणारे घर एकमेकांच्या इतके जवळ क्वचितच कोठे आले असेल. पुढे १९५४ साली समाजसेवेची ती संस्था देवनारला गेली. तेथून सोसायटीचे मानखुर्दचे बालगृह जवळच. म्हणजे दैवाने ही शेजारधर्माची संधी दोनदा दिली. तिचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी या घरांत जात राहिले, काम शिकत आणि करीत राहिले. परंतु विद्यार्थ्याचे वर्ष संपते आणि मूल तेथेच राहते. ओळख झालेला दादा किंवा ताई एप्रिलनंतर येईनाशी झाली की मुलाच्या मनात काय होते, याचा विचार आपल्या अभ्यासक्रमांच्या वेळापत्रकांत फार उशिरा आला.

दुसऱ्या महायुद्धाने हा विचार जगाला भाग पाडला. बॉम्बवर्षावात घरे गेलेल्या मुलांसाठी अॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात शिशुगृहे चालविली. प्रथम तेथे रुग्णालयाप्रमाणे व्यवस्था होती. सर्व परिचारिकांनी सर्व मुले सांभाळावयाची. मुले स्वच्छ होती, पोट भरलेले होते, पण काही बाबतींत मागे पडत होती. तेव्हा त्यांनी मुलांचे चार-पाचांचे लहान ‘परिवार’ पाडून प्रत्येक परिवाराला एक ठरावीक बाई दिली. आरंभी घोटाळाच उडाला. शांत मुले भांडू लागली, आपली बाई क्षणभर दृष्टिआड झाली की आकांत करू लागली. कोणत्याही व्यवस्थापकाने हा प्रयोग तेथेच बंद केला असता. या दोघींनी तो बंद केला नाही, कारण त्यांना कळले की रडण्याजोगे कोणीतरी आता मुलांना मिळाले आहे. थोड्याच काळात गोंधळ ओसरला, बोलणे सुधारले, अंगवळणी लावावयाच्या सवयी भराभर लागल्या.

युद्धानंतर १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सामाजिक आयोगाने बेघर मुलांच्या गरजांचा अभ्यास करण्याचे ठरविले. त्यातली मनाच्या आरोग्याची बाजू जागतिक आरोग्य संघटनेने उचलली आणि ते काम जॉन बोल्बी यांना दिले. १९५० च्या आरंभी त्यांनी युरोपातील काही देश आणि अमेरिका येथे जाऊन काम करणाऱ्या माणसांना गाठले आणि १९५१ साली अहवाल लिहिला. लहान मुलाला एका माणसाचा सलग, आपुलकीचा सहवास हा जीवनसत्त्वाइतका आवश्यक आहे, असा त्याचा आशय. त्यातून काही जणांनी ‘आई नाही तर काहीच नाही’ असा अर्थ काढला. मायकेल रटर यांनी १९७२ साली त्याची छाननी करून दाखविले की प्रश्न केवळ आईच्या नसण्याचा नाही, नाती किती आणि कशी तुटतात याचाही आहे. आपल्या दृष्टीने ही दुरुस्ती महत्त्वाची, कारण तुटलेली आई परत आणणे संस्थेच्या हातात नसते. पुढची तुटातूट थांबविणे मात्र असते. मुंबईत १९६२ साली सुरू झालेल्या स्नेहसदनने मोठी बराक न बांधता वस्त्यांत लहान घरे केली आणि तेथे मुलांबरोबर राहणारी दांपत्ये ठेवली, ती याच दिशेने.

कायदे यानंतरही बदलत गेले. मुंबईचा १९४८ चा कायदा, मग साऱ्या देशाला लागू झालेले १९८६, २००० आणि २०१५ चे बाल न्याय कायदे. प्रत्येक कायद्यात पूर्वीपेक्षा माणुसकी अधिक आहे. गुन्ह्याचा आरोप असलेले मूल एका मंडळापुढे आणि निराधार मूल दुसऱ्या समितीपुढे, ही फारकत योग्यच झाली. निराधाराने गुन्हेगाराच्या रांगेत का बसावे? १९९६ साली टाटा संस्थेतून चाइल्डलाइन निघाली आणि १०९८ या क्रमांकावर रात्रीबेरात्री मूल स्वतः बोलू लागले. २०२३ पासून ती शासनाच्या यंत्रणेत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मोठ्या शहरांत एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक चोवीस तासांचा निवारा असावा असे मान ठरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीनाला रुग्णालयात ठेवण्यावर कडक अटी घातल्या. पण आता हिशेब करा. निवारा नगरपालिकेचा, बालगृह महिला व बालविकास खात्याचे, मनोविकारांचा डॉक्टर आरोग्य खात्याचा, शाळा शिक्षण खात्याची, आणि मुलाला रस्त्यावरून उचलणारा पोलीस गृहखात्याचा. सुधारणा जितक्या वाढल्या तितकी दारे वाढली, आणि दारादारांतून मुलाला नेणारा जो प्रोबेशन ऑफिसर, त्याच्या शिरावर मात्र फायलींचा ढीग चढत गेला.

एक उदाहरण पुरे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन रुग्णाबरोबर त्याचा प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेला सोबती रुग्णालयात पूर्ण वेळ राहिला पाहिजे. कलम शहाणपणाचे आहे. घरच्या मुलाजवळ आई किंवा मावशी बसेल. बालगृहातल्या मुलाजवळ कोण बसणार? तेथली काळजीवाहक बाई बसली तर मागे उरलेल्या मुलांचे काय? या प्रश्नाला उत्तर नसले की मुलाला नेणेच लांबणीवर पडते. हे निष्ठुरपणाने होत नाही. सोबतीला माणूस नाही म्हणून होते.

आता या तीरावर येऊ. नवी मुंबई हे एक शहर म्हणून आपण बोलतो, पण तिचा उत्तर भाग ठाणे जिल्ह्यात आणि दक्षिण भाग रायगड जिल्ह्यात आहे. मानखुर्द मुंबई उपनगर जिल्ह्यात. बालकल्याण समिती जिल्हावार असते. म्हणजे मानखुर्दला चढून वाशीला उतरलेले आणि उरणला सापडलेले मूल दोन-तीन तासांत तीन समित्यांच्या मुलखातून जाते. शिवाय न्हावा शेव्याभोवतीची गावे ग्रामपंचायतींची, आणि बेघरांच्या निवाऱ्याची योजना शहरांची. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचेही उद्घाटन झाले. न्हावा शेवा या नावाचे स्टेशन तेव्हा झाले. जेथे फलाट येतो तेथे फलाटावरची मुले येतात, हा बोरीबंदर, दादर आणि कल्याण यांचा अनुभव.

या भागाने एक कटू प्रसंगही पाहिला आहे. येथून जवळच कळंबोलीत मतिमंद मुलांच्या एका वसतिगृहात मुलींवर अत्याचार होत असल्याचे २०११ साली उघडकीस आले, आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावल्या. ते बाहेर आले उच्च न्यायालयाच्या आज्ञेने चाललेल्या पाहणीतून, म्हणजे बाहेरची माणसे आत जाऊन मुलांजवळ बसली तेव्हा. त्या वसतिगृहाला परवाने, नोंदी, खाती यांचा संबंध नव्हता असे नाही. एकाच दाराआड कोंडलेल्या मुलाला दुसऱ्या दारावर ओळखणारा कोणी नसणे किती महाग पडते, ते या प्रकरणाने दाखविले. अनेक खात्यांचा मेळ ही बाब कारकुनी वाटते खरी. पण मुलाच्या दृष्टीने तो मेळ म्हणजे आपण आत आहोत हे बाहेर कोणाला तरी ठाऊक असणे.

यावर नवी संस्था काढावी असे सुचविण्याचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. २०१५ च्या कायद्यात आवश्यक ती कलमे आहेत. मूल चोवीस तासांच्या आत समितीपुढे आले पाहिजे; आणि ते दुसऱ्या जिल्ह्याचे निघाले तर ९५ व्या कलमाप्रमाणे तेथील समितीशी विचारविनिमय करून, संबंधित कागदपत्रांसह, त्याला पाठवावयाचे असते. तीन जिल्ह्यांच्या समित्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, प्रत्येक मुलामागे एकच नाव लिहावे, आणि ते नाव बदलले तर नव्या माणसाची मुलाशी भेट जुन्याने करून द्यावी, एवढे आजच्या कायद्यात बसते. बंदरातल्या कामगार संघटना, उरण-पनवेलच्या शाळा आणि स्टेशनवरचे फेरीवाले यांनीही आपापल्या हद्दीची समिती कोठे बसते एवढे माहीत करून घेतले, तर पहिले चोवीस तास वाया जाणार नाहीत.

त्या कागदपत्रांत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असावयाचा असतो. त्याच्या तक्त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, मनाला लागणारा आधार आहे, जिव्हाळ्याच्या नात्यांचाही रकाना आहे. पण त्या सर्वांआधी एक ओळ आहे : मुलाची स्वतःची अपेक्षा काय. ही ओळ मुलाला विचारूनच भरता येते, आणि मध्यरात्री पोलीस जीपमधून उतरलेल्या मुलाला तो प्रश्न लगेच विचारून उपयोग नसतो. आधी त्याला जेवू द्यावे, दोन रात्री झोपू द्यावे, आणि मग ज्याच्या नावावर ते मूल लिहिले आहे त्यानेच, दुसऱ्या कोणी नव्हे, शेजारी बसून विचारावे.